आधी खोली, मग स्पीकर: पुण्यातल्या फ्लॅटमध्ये होम थिएटर कसं करायचं

आमच्याकडे पिक्चर लागला की आईच्या हातात कायम रिमोट. माणसं बोलायला लागली की आवाज वाढवायचा, गाणं किंवा मारामारी आली की घाईने कमी करायचा, आणि तरी मध्येच "काय म्हणाला रे तो?" हे चालूच. मला बरीच वर्षं वाटायचं की वयामुळे ऐकू कमी येतं. मग सिंहगड रोडच्या फ्लॅटमधली मागची बेडरूम मोकळी झाली, तिथे थिएटर करायला घेतलं, आणि वाचत, मोजत, विचारत कळलं की गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती आणि काचेची मोठी खिडकी असलेल्या खोलीत आवाज इकडून तिकडे आपटत राहतो आणि शब्द त्यात बुडतात. आता आईला एकदाही विचारावं लागत नाही. दुकानात गेलं की सगळे प्रोजेक्टर आणि स्पीकरबद्दल बोलतात, खोलीबद्दल कोणी विचारतच नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिलं काम म्हणजे टेप घेऊन खोली मोजा. लांबी, रुंदी, उंची, दार कुठे, खिडकी कुठे, बीम कुठून जातोय, एसीचं युनिट कुठे, सगळं कागदावर काढा. आमची खोली १० बाय १३ फूट आहे, पुण्यातल्या टू बीएचके, थ्री बीएचकेमधली दुसरी बेडरूम साधारण याच्याच आसपास असते म्हणून पुढचे सगळे आकडे त्यावरच देतोय. दोन खोल्यांतून एक निवडायची असेल तर लांबट घ्या, १० बाय १० अशी चौरस नको, कारण लांबी-रुंदी सारखी असली की दोन्ही दिशांना बासचे, म्हणजे खालच्या जाड आवाजाचे, तेच तेच सूर घुमतात आणि नंतर ते निस्तरणं अवघड जातं.

आता टीव्ही का प्रोजेक्टर. माझी परीक्षा साधी आहे, भर दुपारी २ वाजता त्या खोलीत जा, पडदे लावा, दार लावा, पाच मिनिटं डोळे सरावू द्या आणि पेपर उघडा. पेपर वाचता आला आणि तो उजेड बंद करायची तुमची तयारी नसेल तर सरळ ६५ किंवा ७५ इंची चांगला टीव्ही घ्या, पश्चात्ताप होणार नाही. खोली काळीकुट्ट करता येत असेल तरच प्रोजेक्टर, आणि मग मात्र त्याच्यासारखी मजा नाही.

किती मोठा पडदा आणि किती लांब बसायचं याचं गणित पाठ करून ठेवा. पडद्याचा कर्ण इंचात घ्या, त्याला १.२ ने गुणा, तेवढ्या अंतरावर बसलात की पडदा डोळ्यांना साधारण ४० अंशांत दिसतो, म्हणजे थिएटरात चांगल्या रांगेत बसल्यासारखं. १.६ ने गुणलंत तर ३० अंश, हे जरा निवांत, बातम्या आणि मॅच जास्त बघणाऱ्यांना बरं. म्हणजे १०० इंची पडद्याला १२० इंच, बरोबर १० फूट. आमच्या १३ फुटांत सोफ्याच्या मागे ३ फूट उरतात आणि ते उरायलाच हवेत, का ते बासच्या वेळी सांगतो. १०० इंची पडदा रुंदीला सव्वासात फूट आणि उंचीला चार फूट एक इंच असतो, त्यामुळे १० फुटी भिंतीवर दोन्ही बाजूंना स्पीकरपुरती जागा राहते. १२० इंची घेतलात तर पडदाच पावणेनऊ फूट, मग स्पीकर कुठे ठेवणार? लोक इथेच हावरेपणा करतात.

उंचीचं पण बघा. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात, ती रेषा पडद्याच्या खालच्या एक तृतीयांशावर यायला हवी. म्हणजे पडद्याची खालची कड जमिनीपासून सव्वादोन फुटांच्या आसपास. बऱ्याच घरांत टीव्ही हार घातलेल्या फोटोसारखा उंच टांगलेला असतो, दोन तासांत मान भरून येते.

प्रोजेक्टर घेताना तीन गोष्टी विचारा. एक, थ्रो रेशो, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतरावर तो टांगायचा. १.५ असेल तर सव्वासात फुटांना जवळजवळ ११ फूट लागतात, ते आमच्याकडे डोक्याच्या जरा मागे येतं, १.८ वाला बसलाच नसता. दोन, खरं रेझोल्यूशन. खोक्यावर फोर के सपोर्टेड लिहिलेलं असतं त्याचा अर्थ फक्त सिग्नल घेतो असा, दाखवतो कदाचित त्याच्या निम्मं सुद्धा नाही, तेव्हा नेटिव्ह, म्हणजे त्याचे स्वतःचे पिक्सेल, किती ते विचारा. तीन, उजेड. इथे दुकानदार मोठमोठे आकडे सांगतात पण हिशोब करून बघा, थिएटरात पडद्यावर १४ फूट लॅम्बर्ट (पडद्यावरून डोळ्यांकडे येणाऱ्या उजेडाचं माप) उजेड हे प्रमाण आहे, आपला १०० इंची पडदा साधारण ३० चौरस फूट, साध्या पांढऱ्या पडद्यावर १४ गुणिले ३० म्हणजे ४२० लुमेन (प्रोजेक्टर टाकतो त्या उजेडाचं माप) पुरतात. खोक्यावरचा आकडा सगळ्यात भगभगीत मोडचा असतो, सिनेमा मोडमध्ये तो बराच उतरतो, दिवा जुना झाला की आणखी उतरतो, सगळं धरून सिनेमा मोडमध्ये खरे ८०० ते १००० मिळाले की अंधाऱ्या खोलीला भरपूर झाले. उरलेले पैसे काळा रंग नीट काळा दाखवणाऱ्या प्रोजेक्टरवर घाला.

आणि टांगताना तो असा टांगा की कीस्टोन वापरावाच लागणार नाही. कीस्टोन म्हणजे वाकडं चित्र सॉफ्टवेअरने सरळ करणं, त्यात पिक्सेल वाया जातात आणि अक्षरांच्या कडा मऊ होतात. लेन्स शिफ्ट, म्हणजे लेन्स सरकवून चित्र वर-खाली करायची सोय, असेल तर उत्तम, नसेल तर ब्रॅकेटचा पाइप कमी-जास्त करून इंच इंच जुळवा, अर्धा दिवस गेला तरी चालेल.

अंधाराबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे जवळपास फुकटात फरक पडतो. पडद्यावरचा उजेड उडून पांढऱ्या पीओपीच्या छतावर जातो, तिथून परत पडद्यावर येतो आणि रात्रीचा सीन राखाडी दिसायला लागतो. कितीही महाग प्रोजेक्टर आणा, पांढऱ्या खोलीत हे होणारच. उपाय म्हणजे पडद्याची भिंत आणि पडद्यापासून निदान ४ फुटांपर्यंतचं छत आणि बाजूच्या भिंती गडद आणि मॅट करायच्या, चकचकीत लस्टर किंवा ऑइल पेंट नको. घरातले म्हणतील काळी खोली भकास दिसते, तर पुढचा भाग काळा आणि बाकी गडद मरून किंवा गडद तपकिरी करा, आम्ही तसंच केलंय आणि सगळ्यांना आवडतं. भाड्याचं घर असेल, रंग देता येत नसेल तर काळी मखमल आणा, रविवार पेठेत कापडगंजात हव्या त्या मापात मिळते, ती पट्टीवर ताणून लावा, रंगापेक्षाही जास्त उजेड पिते. खिडकीला ब्लॅकआउट पडदा लावताना रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त घ्या, नाहीतर कडेने उजेडाची एक उभी रेघ येते आणि डोळा सारखा तिकडेच जातो. सेट टॉप बॉक्सचे, राउटरचे ते निळे-लाल दिवे काळ्या टेपने झाका. आणि वेळ मिळाला तर लॉ कॉलेज रोडच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात एखादा शो असेल तेव्हा जाऊन बसा, दिवे बंद झाल्यावर पडद्याच्या आजूबाजूला काय काय दिसत राहतं ते मुद्दाम बघा आणि घरी येऊन आपली खोली बघा.

आता आवाज, माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. रिकाम्या खोलीच्या मध्ये उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर टर्रर्र असं काहीतरी उमटलं तर समजा की समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा खेळतोय, आईला ऐकू न येणारे संवाद असेच हरवत होते. पैसे घालायच्या आधी घरातल्या गोधड्या काढा, खरंच. सोफ्यावर तुम्ही बसा, दुसऱ्या कोणाला तरी आरसा घेऊन बाजूच्या भिंतीवर कानाच्या उंचीला सरकवत न्यायला सांगा, आरशात तुम्हाला समोरचा स्पीकर दिसला की थांबवा, तिथे खूण करा. दोन्ही भिंतींवर प्रत्येक पुढच्या स्पीकरची अशी जागा शोधा आणि तिथे गोधडी टांगून तोच सीन परत ऐका. शब्द एकदम पुढे आल्यासारखे वाटतात. फरक पटला की मग पक्कं काम करा.

पक्कं काम म्हणजे दोन इंची ग्लासवूल किंवा रॉकवूलची घट्ट पाटी, साधारण ४८ डेन्सिटीची, २ बाय ४ फुटांच्या लाकडी चौकटीत बसवून वर हवा जाईल असं कापड ताणायचं. तोंडाने फुंकर मारून बघा, पलीकडे हवा आली तर ते कापड चालतं. चौकटीची पट्टी आणि प्लाय भवानी पेठेत टिंबर मार्केटला मिळतो, सुताराला नीट माप दिलं की दिवसाचं काम आहे. हात लावताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, बारीक काचतंतू असतात, फार खाज सुटते, आणि पाटीच्या मागच्या बाजूलाही कापड लावून ती पूर्ण बंद करा. अंड्याचे ट्रे लावू नका, त्याने आवाज सुधारत नाही, धूळ बसते आणि ते पटकन पेटतात. स्वस्त स्पंजचे त्रिकोणी तुकडे पण फक्त वरचा तीक्ष्ण आवाज खातात, बासला हात लावत नाहीत, आणि बंद खोलीत साधा स्पंज आगीच्या दृष्टीने मला अजिबात नको वाटतो. जमिनीवर सोफा आणि पडद्याच्या मधल्या भागात जाड सतरंजी किंवा गालिचा टाका. मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर ते ठेवा, लहान-मोठी पुस्तकं आवाज छान विखुरतात.

पण एक समजून घ्या, हे सगळं खोलीच्या आतला आवाज सुधारतं, बाहेर जाणारा थांबवत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पडदे लावले की साउंडप्रूफ होतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये नदीपात्रात ढोल पथकांचा सराव चालू असतो तेव्हा लांबून ऐकलंत तर काय येतं? ढोलाचा धम्म धम्म येतो, ताशाची तडतड जवळ गेल्याशिवाय नीट येत नाही. खालचे सूर भिंतीतून, अंतरातून आरपार जातात, वरचे अडतात. तुमचा सबवूफर, म्हणजे फक्त बाससाठीचा स्पीकर, शेजाऱ्यांसाठी तो ढोल आहे. त्याला अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. आपल्या हातात असतं ते म्हणजे दार भरीव घ्यायचं, पोकळ नको, चौकटीला रबराची पट्टी आणि दाराच्या खाली सील लावायचं, स्लायडिंग खिडकीच्या फटी बंद करायच्या. जिथून हवा येते तिथून आवाज येतो. बाकी बाससाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तुमचा सगळ्यात दणदणीत सीन लावा, आवाज नेहमीएवढा ठेवा आणि स्वतः खालच्या मजल्यावरच्या काका-काकूंकडे जाऊन पाच मिनिटं बसा. आम्ही गेलो, चहा झाला, व्हॉल्यूम किती ठेवायचा ते तिथेच ठरलं आणि रिसीव्हरवर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर, त्या आकड्याला लिमिट लावून टाकली. कायद्याने पण रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली. रात्री रिसीव्हरचा नाइट मोड लावा, मोठे आवाज दबतात आणि बोलणं वर येतं.

स्पीकर किती? या मापाच्या खोलीला ५.१, म्हणजे पुढे तीन, मागे दोन आणि एक सबवूफर, पुरतं, आणि वाईट ७.१ पेक्षा नीट लावलेलं ५.१ शंभर पटीने बरं. पुढचे डावे-उजवे तुमच्या डोक्यापासून मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांत, १० फुटांवरून बघता त्यांच्यात ८ फूट अंतर आलं की काम झालं. मागचे दोन कानांच्या बाजूला आणि जरा मागे, साधारण ११० अंशांवर, कानापेक्षा थोडे वर. सेंटर स्पीकर मात्र जीव लावून निवडा कारण पिक्चरमधलं जवळपास सगळं बोलणं त्यातूनच येतं. तो कपाटाच्या खणात आत ढकलू नका, खणाच्या तोंडाशी आणा, पडद्याखाली असेल तर कानाकडे तोंड होईल असा जरा वर तिरपा करा, आणि पुढचे तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर माणूस पडद्यावर चालत गेला की त्याचा आवाज बदलतो. आईसाठी मी सेंटर २ डेसिबलने वाढवून ठेवलाय.

बासचं आता. खोलीच्या लांबीप्रमाणे एक सूर ठरतो जो तिथे फुगतो, ११२५ ला (आवाजाचा वेग, सेकंदाला इतके फूट) लांबीच्या दुपटीने भागा, आमच्या १३ फुटांना साधारण ४३ हर्ट्झ येतो. हा सूर भिंतीजवळ घुमतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून सोफा मध्यावर नको आणि मागच्या भिंतीला चिकटून पण नको, ते ३ फूट सोडायचं कारण हेच. सबवूफर कुठे ठेवायचा याची एक गंमतीशीर पण खरोखर चालणारी रीत आहे, तो उचलून सोफ्यावर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासवालं एखादं गाणं चालू करा आणि तुम्ही भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर फिरत ऐका. जिथे बास सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, एक सूर फुगून दुसरा गायब होत नाही, तिथे सबवूफर ठेवा. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात तो आकडा, ८० हर्ट्झ. मग रिसीव्हरसोबत आलेला माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला लावून ऑटो सेटिंग करा, माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, आणि त्या वेळी एसी आणि पंखा बंद ठेवा.

वायरिंग रंगकामाच्या आधी. स्पीकरची तांब्याची वायर १४ गेज घ्या, तापकीर गल्लीत मिळते, पण कापून बघा की आत खरंच तांबं आहे का तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. प्रोजेक्टरपर्यंत एचडीएमआय १० मीटरच्या पुढे जात असेल तर फायबरवाली घ्या, तिला दिशा असते, कुठलं टोक सोर्सला आणि कुठलं डिस्प्लेला ते छापलेलं असतं, ते बघून आणि आधी जमिनीवर पसरून चालवून मगच पाइपात घाला. आमच्या इलेक्ट्रिशियनने ती उलटी घातली, पुट्टी झाल्यावर कळलं, भिंतीला परत झिरी मारावी लागली. पाइप जाड घाला, एचडीएमआयचं डोकं जाईल एवढा, आणि आत एक दोरी सोडून ठेवा, पुढे वायर बदलायची वेळ येतेच. या खोलीसाठी वेगळा एमसीबी, अर्थिंग तपासून, आणि प्रोजेक्टर, रिसीव्हर, सबवूफर सगळे एकाच फेजवर, नाहीतर स्पीकरमधून बारीक हम्म येत राहतो. लॅम्पवाला प्रोजेक्टर असेल तर छोटा यूपीएस लावा, लाइट गेली तर आतला पंखा चालून तो थंड व्हायला हवा.

नेट जमेल तितकं वायरने आणा. फोर केला ओटीटीवर १५ ते २५ एमबीपीएस पुरतं, पण ते सलग मिळायला हवं. चित्राच्या सेटिंगमध्ये सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड, रंग वॉर्म, आणि मोशन स्मूदिंग पूर्ण बंद. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, मधल्या बनावट फ्रेम घातल्या की तो सिरियलसारखा दिसायला लागतो. पहिले दोन दिवस वॉर्म पिवळट वाटेल, तिसऱ्या दिवशी डोळे बसतात.

एसी नसेल तर निदान हवा खेळती राहील एवढं करा, एप्रिलमध्ये बंद खोलीत चार माणसं, प्रोजेक्टर आणि रिसीव्हर मिळून भट्टी होते. रिसीव्हरच्या वर निदान सहा इंच मोकळी जागा ठेवा.

आणि पावसाळा विसरू नका. जून ते सप्टेंबर खोली बंद राहिली की लेन्सवर बुरशी धरते, आठवड्यातून दोनदा तासभर प्रोजेक्टर चालवा म्हणजे आतला ओलावा जातो, पडदा गुंडाळायचा असेल तर पूर्ण कोरडा करून गुंडाळा. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर ग्लासवूलच्या चौकटी भिंतीपासून दोन इंच पुढे घ्या, आवाजालाही ते बरंच असतं आणि ओल आत झिरपत नाही. लाकडी पट्ट्यांना वाळवीचं औषध मारूनच बसवा. आजूबाजूला कुठेतरी बांधकाम चालूच असतं, तेव्हा प्रोजेक्टरची जाळी दर दोन महिन्यांनी काढून मऊ ब्रशने झटका, आम्ही ती एकाआड एक अमावस्येला झटकतो, तारीख लक्षात राहते.